बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून

चष्म्याच्या दुकानातली गंमत अशी, की नवी फ्रेम निवडायची तर आपला चष्मा काढून ठेवावा लागतो, आणि तो काढला की काय निवडतोय तेच दिसत नाही. गाण्याच्या बाई आरशासमोर बसल्या होत्या आणि आरशात कुणीतरी पांढुरकं, धूसर, त्यांच्यासारखेच खांदे ताठ ठेवून बसलेलं होतं. डोळे बिनकामाचे झाले की कान आपसूक पुढे सरकतात. दुकानात गाणं लागलं होतं. लागलं होतं म्हणजे छतातून कुठून तरी झिरपत होतं. सगळ्यात खाली एक मंद घुमणं, रिकाम्या घरात फ्रीज चालू असावा तसं. ठेक्याच्या जागी ढोल नाही, ताशा नाही, कुणीतरी दिव्याची बटणं लावतंय आणि बंद करतंय एवढंच. अधूनमधून काचेच्या पेल्याच्या काठावरून बोट फिरवल्यासारखा एक लांबलचक सूर यायचा आणि विरून जायचा. आणि या सगळ्याच्या पुढे, अगदी कानाशी, एका मुलीचा आवाज. आधी श्वास, मग शब्द. ‘दिवा राहू दे, मी अजून आहे’ एवढी एकच ओळ ती परत परत घेत होती, जणू शेजारी कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही. ती ओळ बाईंना उगाचच भिडली. त्यांना ते आवडलं नाही. काही असं भिडलं की त्या ताबडतोब सुराकडे बघत. चाळीस वर्षांची सवय.

“हे कोण गातंय?” त्यांनी काउंटरवरच्या पोरीला विचारलं.

“आवडलं?”

“‘अजून’वर सूर उतरलाय. दर वेळी तिथेच उतरतोय. आणि तोंड उघडायला काय होतं हिला? हिला कुणी शिकवलेलंच नाही.”

पोरगी हसली. आणखी एक फ्रेम पुढे करत म्हणाली, “म्हणून तर बरं वाटतं, मॅडम. माझ्या एकटीशीच बोलतेय असं वाटतं. मी रोज हाच अल्बम लावते, आमचे मालक वैतागलेत. मुंगी नाव आहे तिचं. किती गोड ना?”

बाईंनी फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि उतरवली नाही. मुंगी हे त्यांच्या लेकीचं घरातलं नाव, तिच्या बाबांनी ठेवलेलं. ही पोर जन्मली तेव्हापासून घरात असूनही नसल्यासारखी. खेळायची ती गुपचूप, रडायची तीही भिंतीकडे तोंड करून. बाबा म्हणायचे, घरात मुंगी शिरलीय, साखरेचा डबा बघा. घराबाहेर ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आता ते चष्म्याच्या दुकानात, छतातून येत होतं. बाईंनी कान देऊन पुन्हा ऐकलं. हो, तिचाच. ‘राहू’ म्हणताना ‘ह’ जवळजवळ गिळून टाकायचा, तो तिचाच ‘ह’. तीस पोरांच्या वर्गात डोळे मिटून कुणाचा सूर ढळला ते सांगणाऱ्या बाई. जुन्या विद्यार्थिनीने फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी नावाने हाक मारणाऱ्या बाई. आणि पोटची पोर गातेय हे त्यांना काउंटरवरच्या पोरीने सांगावं लागलं. “हीच द्या,” त्या म्हणाल्या. “मॅडम, ही जेन्ट्स आहे,” पोरगी म्हणाली. “असू दे,” म्हणाल्या आणि उठल्या.

रस्त्यावर आल्यावर ऊन एकदम अंगावर आलं. सिग्नलपाशी माणसं उभी होती, दोघातिघांच्या कानांत ती पांढरी बोंडं होती, आणि बाईंना वाटलं यांच्यापैकी कुणाच्याही कानात आत्ता आपली मुलगी असू शकेल. आपल्याला सोडून कुणाच्याही. मुंगीने तो अल्बम त्यांना पाठवला होता, नाही असं नाही. निघाला त्याच दिवशी पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘आई, वेळ मिळाला की ऐक.’ बाईंनी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं होतं, ‘छान झालंय. अभिनंदन.’ आणि फुलांच्या गुच्छाचं चित्र. ऐकला नव्हता. नीट बसून ऐकू, चांगल्या स्पीकरवर ऐकू, शाळेचं स्नेहसंमेलन होऊन जाऊ दे, असं करत राहिलं. पण ते खरं नव्हतं हे त्यांना आता चालता चालता कळत होतं. वाईट असेल अशी भीती होती. वाईट असलं तर ते आपल्या तोंडून गेल्याशिवाय राहणार नाही, अशी त्याहून मोठी भीती होती. तेव्हा न ऐकता छान म्हणणं सगळ्यात सोयीचं. आता झालं काय, तर छान ते तिला खोटं सांगितलं आणि खरं ते आपण चष्म्याच्या दुकानात बोलून मोकळ्या झालो. हिला कुणी शिकवलेलंच नाही! बाई रस्त्यातच हसल्या, आणि हसू मध्येच तुटलं.

शिकवलं नाही कसं? त्यांच्या घरात दोन खोल्यांमध्ये एक पातळ भिंत होती. भिंतीच्या या बाजूला बैठकीची खोली, तिथे जुना पियानो आणि त्याच्याभोवती संध्याकाळभर कुणाकुणाची पोरं. पलीकडे मुंगीची खोली. मुंगी लहान असताना आंघोळ करताना गायची, कपाट आवरताना गायची, बूट घालताना गायची. मोकळं, मोठ्याने, काहीही. बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “वरचा चुकला, पुन्हा घे!” आणि ती पुन्हा घ्यायची, हसत. पुढे शिकवण्या वाढल्या तेव्हा बाईंनी एक युक्ती काढली. समोरच्या विद्यार्थ्याचं गाणं थांबवायला नको, म्हणून त्या पेन्सिलीने भिंतीवर ठोकायच्या. एक ठोका म्हणजे सूर उतरलाय, दोन म्हणजे चढलाय. एकीकडे समोरच्या पोराचा हात धरून ताल द्यायचा आणि दुसऱ्या हाताने भिंतीपलीकडच्या लेकीचा सूर दुरुस्त करायचा. विद्यार्थ्यांच्या आया थक्क व्हायच्या. बाईंचे कान बघा, दोन खोल्यांत एकाच वेळी! बाईंना बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. त्यांना वाटायचं हा मायलेकींचा खेळ आहे. पलीकडून सूर लगेच सुधारून यायचा, म्हणजे खेळ चालू आहे. मुंगी आठवी-नववीत असताना केव्हातरी पलीकडून काहीच येईनासं झालं. कुठल्या महिन्यात, कुठल्या दिवशी, बाईंना सांगता आलं नसतं. ठोकायचं थांबलं कारण ठोकण्यासारखं काही ऐकू येईना. नातेवाइकांत त्या सांगायच्या, आमच्या मुंगीला नाही हो गाण्यात गोडी, दिवसभर त्या कॉम्प्युटरला चिकटलेली असते. सांगताना जरा मन खट्टू व्हायचं आणि जरा सुटल्यासारखंही वाटायचं, म्हणजे एक विद्यार्थिनी कमी झाल्यावर वाटतं तसं.

घरी मुंगीचे बाबा शेंगा सोलत बसले होते. बाईंनी चप्पलसुद्धा न काढता विचारलं, “तुम्ही ऐकलंत का हो तिचं?”

“कुणाचं?” म्हणाले, पण कुणाचं ते त्यांना बरोबर कळलं होतं. “रोज ऐकतो की. सकाळी फिरायला जातो तेव्हा. बागेला दोन चकरा मारल्या की संपतं.”

“मग मला का नाही बोललात?”

“काय बोलायचं? तू तर त्याच दिवशी छान आहे म्हणालीस. मला आपलं वाटलं, तू ऐकलंस आणि एवढंच बोलून गप्प बसलीस, म्हणजे शहाणपणच केलंस.” ते शेंगेतला दाणा काढत राहिले. मग म्हणाले, “नव्हतंस ऐकलं?”

बाईंनी नवऱ्याचे इअरफोन मागून घेतले. त्यांना ते घालता येईनात, बाबांनी उठून घालून दिले, उजवा उजव्या कानात, डावा डाव्या कानात, आणि गाणं लावून दिलं, आणि शेंगांची परात घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाई मुंगीच्या खोलीत जाऊन बसल्या. आता तिथे इस्त्रीचे कपडे आणि जादा गाद्या असत. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी तो अल्बम पहिल्यापासून ऐकला. आधी ऐकणं जमेनाच. कान आपले सवयीने सुरावर जात, इथे चढला, इथे उतरला, हा श्वास चुकीच्या जागी घेतला, ही ओळ अर्धीच टाकली. डोक्यातली लाल पेन्सिल थांबेना. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात ती आपसूक थांबली. त्या गाण्यात खूप मागे, पाण्याखालून यावं तसं काहीतरी वर चढत होतं आणि उतरत होतं. सा रे ग म. कुणीतरी मूल सरगम घोकत होतं, अस्पष्ट, लांबवलेलं, जागोजागी फाटलेलं. त्यावर एका बाईचा आवाज, तोही विरघळलेला, शब्द कळत नव्हते, फक्त त्याचा ताठा कळत होता. बाईंना तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच पातळ होती, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इकडे त्या लेकीचे सूर मोजत होत्या तेव्हा तिकडे लेक त्यांना कॉम्प्युटरवर टिपून घेत होती. आणि त्या टिपून घेतलेल्या सरगमीच्या अलीकडे, माइकला ओठ चिकटवून, मुंगी गात होती. इतक्या हळू, की भिंतीपलीकडच्या माणसाला, कितीही तयार कानाच्या माणसाला, पत्ता लागू नये.

म्हणजे ती थांबली नव्हती. ती वर्षानुवर्षं रोज गात होती, हाताच्या अंतरावर, आणि या घरातला सगळ्यात तिखट कान आपल्यापर्यंत पोहोचू नये एवढीच तिची साधना होती. आईने शिकवलेलं सगळं तिने शिकून घेतलं होतं, फक्त उलटं. बाई छातीतून आवाज सोडायला शिकवत, ती तो छातीत ठेवायला शिकली. बाई श्वास लपवायला शिकवत, हिने तोच पुढे ठेवला, कारण श्वास भिंतीपलीकडे जात नाही. लोकांना ते किती जवळचं वाटतं! कुजबुजल्यासारखं, माझ्या एकटीशी बोलल्यासारखं. चष्म्याच्या दुकानातल्या पोरीला काय माहीत, की ही जवळीक कुणाशी तरी साधलेली नाही, कुणापासून तरी लपता लपता आलेली आहे. बाईंनी इस्त्रीच्या कपड्यांवर हात ठेवला आणि त्या रडल्या. आवाज न करता. ते त्यांना जमत नाही असा त्यांचा समज होता.

इतक्या वर्षांत किती वेळा गप्प बसता आलं असतं, याचा हिशेब लागत नव्हता आणि लावून उपयोगही नव्हता. त्या वाईट नव्हत्या. मुलांचं भलं व्हावं म्हणून जीव तोडून शिकवणाऱ्या होत्या, शाळेत त्यांच्या नावाने अजून माजी विद्यार्थी भेटायला येतात. पण त्या सगळ्या मुलांना तास संपला की घरी जाता यायचं. तास संपूनही त्यांच्याच घरात राहिलेली अशी एकटी मुंगी. हे इतकं साधं होतं, की कुणीही सांगू शकलं असतं, आणि कुणी सांगितलं असतं तर बाईंनी ऐकून घेतलं नसतं.

फोन त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी केला. मुंगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होती.

“आई? बरी आहेस ना?” बाई सहसा रविवारीच फोन करत.

“बरी आहे. मी तुझं गाणं ऐकलं.”

“म्हणजे आत्ता ऐकलंस.”

“हो.”

“मला वाटलंच होतं. तू नुसतं छान म्हणशील, हे शक्यच नाही.” ती रागावलेली वाटली नाही, हसत असावी असंच वाटलं, आणि तेच बाईंना जास्त लागलं. “मग? आता सांग. खरं सांग.”

बाईंनी खूप काही ठरवलं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून आलं ते असं: “त्या दिव्याच्या गाण्यात, ‘अजून’वर—” आणि त्यांनी जीभ चावली.

“उतरलाय,” मुंगी म्हणाली. “माहितीये. सरळ करून बघितला, मशीनवर एका मिनिटाचं काम आहे. सरळ केला की गाणं मरतं. म्हणून ठेवला.”

“बरोबर केलंस,” बाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडात नवे होते, नव्या कवळीसारखे. मग, आवाज शक्य तितका साधा ठेवत, “तू इतकी हळू का गातेस गं?”

“सगळे हेच विचारतात. मी सांगते, माइक जवळ घेते.” मग म्हणाली, “तुला ऐकू जाऊ नये म्हणून, आई. दुसरं काय.”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. क्षमा मागावी, असं मनात होतं, पण ते अशा वेळी म्हणायचं कसं हे त्यांना कधी शिकावं लागलं नव्हतं. “चुकलं माझं,” एवढंच म्हणता आलं, आणि तेही अर्धवट.

“अगं, राहू दे. तुला दोष द्यायला नाही सांगितलं. तोच आवाज लोकांना हवाय, आणि आता तो येतच नाहीये, ही खरी पंचाईत आहे.” आता मुंगी भराभर बोलायला लागली, कामाचं बोलताना बोलायची तशी. “दुसऱ्या अल्बमचं घेऊन बसलेय कधीची. इथे कुणीच नाही. शेजारी दिवसभर बाहेर. मी गायला लागते आणि आवाज मोठा होतो. आपोआप. स्वच्छ, मोकळा, तुला आवडेल असा. मला तसा नकोय. मला कळतच नाही, कुणापासून सांभाळून गाऊ.” मग एकदम, “आई, येशील का इकडे? आठवडाभर?”

बाईंचा जीव सुपाएवढा झाला. “येते की! उद्याच येते. तू काळजी करू नकोस, आवाज आत ठेवायचा तर त्यालासुद्धा श्वासाची बैठक लागते, ती आपण रोज सकाळी—”

“शिकवायला नको,” मुंगी म्हणाली. मऊपणे म्हणाली. “तू नुसती बाहेरच्या खोलीत बस.”

बाई गेल्या. बाबांनी बॅग भरून दिली, काही विचारलं नाही. मुंगीचं घर नीटनेटकं होतं. बाहेरच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, कोपऱ्यात ओटा. आतल्या खोलीत वायरी, छोटा की-बोर्ड, खिडकीला लावलेली जाड गादी. मुंगीने चहा केला, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली, बाईंचा नवा चष्मा बघून “हा काय बाबांचा घातलास?” म्हणून पोट धरून हसली. मग जरा संकोचत म्हणाली, “एकदम गप्प नको बसूस हं. काहीतरी करत राहा. पेपर वाच, हिंडफिर. तू आहेस, हे मला कळायला हवं.” आणि आत जाऊन तिने दार ओढून घेतलं.

बाई पेपर घेऊन बसल्या. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. आपण असायचं आणि ऐकायचं नाही. नोकरीच म्हणायची ही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अशी, जिच्यात त्यांना काही येत नव्हतं. त्यांनी पान उलटलं. पुढचं पान उलटलं. आत बराच वेळ काही नव्हतं, मग बटणांचा आवाज, मग पुन्हा काही नाही. आणि मग, दाराच्या फटीतून असेल, भिंतीतून असेल, कुठून कोण जाणे, ती ऐकू आली. मशीन नाही, घुमणं नाही, काही नाही, नुसती मुंगी. एक ओळ, धाग्याएवढी बारीक. बूट घालताना गाणारी मुंगी बाईंना ठाऊक होती, दुकानातली मुंगी काल-परवा कळली होती, ही त्या दोघींच्या मधली, जी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती, बंद दाराआड वाढलेली. बाईंचं तोंड किंचित उघडं राहिलं. पेपर मांडीवर पडला. ओळ संपली तेव्हा सूर कुठे लागला होता आणि कुठे नव्हता, हे त्यांना आठवेना. प्रयत्न करूनही आठवेना. इतकं सुंदर काही त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि हे आत्ता उठून, दार उघडून तिला सांगावं, असं त्यांच्या अंगाअंगाला वाटत होतं.

दार उघडलं. मुंगीच्या कपाळावर घाम होता, डोळे चमकत होते. “आई,” ती म्हणाली, “आलं बघ. आत्ता आलं. तसंच.” मग तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या पेपरकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतलं काहीतरी सावध झालं. “तुला ऐकू आलं?”

“कुठे काय?” बाई म्हणाल्या. “मला डुलकी लागली होती गं.”

“खरंच?”

“अक्षरही नाही आलं ऐकू.”

मुंगीने सुस्कारा सोडला. लहानपणी ताप उतरला की सोडायची तसा. “मग अजून एकदा घेते,” म्हणाली आणि आत गेली.

बाई उठल्या. ओट्यापाशी गेल्या, धुऊन पालथे घातलेले दोन्ही कप पुन्हा सरळ केले, नळ पूर्ण सोडला आणि आत आवाज लागायच्या आधी ते धुवायला घेतले, म्हणजे आतल्या माणसाला वाटावं, बाहेरची आपल्या कामात आहे. पाण्याच्या आवाजात त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्या कितीतरी वेळ कप धूत राहिल्या.